भाग २७ : ‘प्लॅटिनम’ घर, पण कुठल्या व्हर्जनचं?

पावसाळा संपला की दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर बुकिंगच्या जाहिराती सुरू होतात, आणि आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न चार-पाच जणांकडून येतो. या वेळचा असा आहे : “दादा, दोन प्रोजेक्ट बघितलेत. एक ग्रीन सर्टिफाइड आहे, त्याचा भाव स्क्वेअर फुटाला थोडा जास्त आहे. जास्तीचे पैसे द्यावेत का?”

आजचा सगळा भाग याच प्रश्नावर. मी आर्किटेक्ट नाही, सिव्हिलवाला पण नाही. बीटेक कॉम्प्युटरमध्ये केलं आणि दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो. पण गेले तीन-चार महिने मी हा विषय खणतोय, कारण आमची ताई आणि दाजी ठाण्याच्या पुढे टू बीएचके बघतायत. डाउन पेमेंटमध्ये बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातला मोठा वाटा जाणार आहे. उरलेल्यावर वीस वर्षांचा हप्ता. त्यामुळे ‘ग्रीन आहे ना, मग चांगलंच असेल’ एवढ्यावर थांबता येत नव्हतं.

आधी थोडक्यात खेळाडू कोण ते सांगतो. भारतात घरांच्या बाबतीत तीन नावं जास्त ऐकू येतात. आयजीबीसी, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. ही २००१ मध्ये सीआयआयच्या छत्राखाली सुरू झाली. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम हे त्यांचे दर्जे. दुसरं गृह, हे टेरी या संस्थेनं आणि केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयानं मिळून आणलं, तिथे एक ते पाच तारे मिळतात. आणि तिसरं एज, ते जागतिक बँकेच्या गटातल्या आयएफसीचं. हे तिन्ही ऐच्छिक आहेत. बिल्डरला वाटलं तर घेईल, नाही वाटलं तर नाही.

आता, ‘सर्टिफाइड’ हा शब्द आपण ज्या अर्थानं ऐकतो आणि तो ज्या अर्थानं छापलेला असतो, त्यात फरक आहे. बुकिंग सुरू होतं तेव्हा बिल्डिंग कुठे असते? खड्ड्यात. जी इमारत उभीच नाही तिला पूर्ण सर्टिफिकेट कोण देणार? म्हणून आयजीबीसीमध्ये ‘प्री-सर्टिफिकेशन’ असतं, बाकीच्यांकडे ‘प्रोव्हिजनल’ किंवा ‘प्रिलिमिनरी’ नावाचा तसाच टप्पा असतो. तो दिला जातो डिझाइनवर. ड्रॉइंग, गणितं, ‘आम्ही हे हे करणार आहोत’ असं लिहून दिलेलं. अंतिम सर्टिफिकेट बांधकाम झाल्यावर, प्रत्यक्षात काय केलं त्याचे पुरावे दिल्यावर.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिलं म्हणजे डिझाइन डॉक्युमेंट अप्रूव्ह झालं, आणि दुसरं म्हणजे प्रॉडक्शनमध्ये गेलं. या दोन्हींच्या मधे काय काय कापलं जातं हे कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला सांगायला नको.

होर्डिंगवर मात्र दोन्हींसाठी तोच हिरवा लोगो, तेच मोठ्या अक्षरातलं ‘प्लॅटिनम’. ‘प्री’ असला तर खाली कोपऱ्यात, मुंगीएवढा. ताईबरोबर एका साइटवर गेलो होतो तेव्हा मी सेल्सवाल्या पोराला विचारलं, “हे प्री आहे की फायनल?” तो म्हणाला, “सर, ग्रीन आहे.” दुसरा प्रश्न विचारला, “कुठल्या व्हर्जनचं?” तेव्हा त्यानं पाणी मागवलं. त्याच्यावर राग नाही माझा, त्याला कुणी सांगितलंच नसणार. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी वीसवर होता. मे महिन्यात बाहेरून आलेल्या माणसाला ते घर स्वर्गच वाटणार.

व्हर्जनचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. ही सगळी मानकं सॉफ्टवेअरसारखीच अपडेट होतात. गृहचं २०१५ चं व्हर्जन होतं, मग २०१९ चं आलं. अमेरिकेच्या लीडचं पाचवं व्हर्जन एप्रिल २०२५ मध्ये आलं. आणि प्रकल्प सहसा ज्या व्हर्जनखाली नोंदवला जातो त्याच व्हर्जननं तपासला जातो. म्हणजे तुम्हाला आज ताबा मिळणाऱ्या टॉवरचं ‘गोल्ड’ हे पाच-सहा वर्षांपूर्वीच्या नियमांवरचं गोल्ड असू शकतं. शेजारच्या नव्या टॉवरचं गोल्ड वेगळ्या नियमांवरचं. शब्द तोच. शिवाय गृहचं रेटिंग पाच वर्षांसाठी असतं, नंतर ते नूतनीकरणाला जातं. किती सोसायट्या तेवढा खर्च करतील, तुम्हीच सांगा.

बरं, हे सगळं कागदाचं झालं. मला जास्त महत्त्वाचा वाटणारा बदल वेगळा आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही.

या रेटिंगांचा मूळ स्वभाव गुणांची बेरीज करण्याचा आहे. गृहमध्ये १०० पैकी ८६ किंवा जास्त मिळाले की पाच तारे, ५६ पासून तीन तारे. काही गोष्टी सक्तीच्या असतात, पण बरेचसे गुण तुम्ही कुठून गोळा करता याला मोकळीक आहे. पावसाचं पाणी जिरवलं, सांडपाण्याचा प्लांट बसवला, स्थानिक झाडं लावली, कमी पाण्याचे नळ बसवले, कॉमन एरियात एलईडी लावले. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत, मी त्यांची टिंगल करत नाहीये. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीला विचारा सांडपाण्याच्या प्लांटची किंमत. पण यातून एक गोष्ट निसटू शकते : तुमची बेडरूम रात्री अकरा वाजता किती तापलेली असेल.

एजनं इथे जरा वेगळी वाट धरली. ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य, या तिन्हींत स्थानिक नेहमीच्या घरापेक्षा किमान २० टक्के बचत दाखवायची. एकात ५० टक्के केलं म्हणून दुसऱ्यात सूट नाही. मला ही रचना जास्त पटते. पण तीही ऐच्छिकच.

खरा बदल १४ डिसेंबर २०१८ ला झाला. त्या दिवशी बीईईनं, म्हणजे तुमच्या फ्रिज आणि एसीवर तारे चिकटवणारी तीच सरकारी संस्था, ‘इको निवास संहिता’ आणली. हे रेटिंग नाही, घरांसाठीची ऊर्जा संहिता आहे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी. पहिला भाग फक्त इमारतीच्या कवचाबद्दल बोलतो : भिंती, खिडक्या, छत. २०२१ मध्ये दुसऱ्या भागात लिफ्ट, पंप, दिवे, सोलर वगैरे आलं. मग २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे, आणि त्यात पहिल्यांदा मोठ्या निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी ही सर्वसाधारण रेषा. २०२४ ची संहिता आणखी पुढे जाऊन पाणी, कचरा आणि साहित्यापर्यंत पोचली. अडचण अशी की केंद्रानं संहिता लिहिली तरी ती राज्यानं अधिसूचित करायची आणि महापालिकेनं नकाशा मंजूर करताना तपासायची असते. म्हणजे रिलीज झालंय, डिप्लॉय व्हायला वेळ लागतोय.

पण डिप्लॉय होईपर्यंत आपण थांबायची गरज नाही, कारण त्यातलं गणित उघड आहे. पीडीएफ फुकट मिळते.

त्यात एक आकडा आहे, आरईटीव्ही. सोप्या शब्दांत : थंडाव्याची गरज असलेल्या काळात इमारतीच्या बाहेरच्या भिंती-खिडक्यांच्या दर चौरस मीटरमधून सरासरी किती वॉट उष्णता आत येते. छत यात धरत नाहीत, त्याची वेगळी अट आहे. मुंबई-ठाण्याच्या उष्ण-दमट पट्ट्यासाठी असो नाहीतर नागपूरच्या संमिश्र हवामानासाठी, मर्यादा एकच : १५. त्यापेक्षा जास्त आला की नापास. बाग कितीही मोठी लावा, इथे ग्रेस मार्क नाहीत.

मी रविवारी बसून याची छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. सूत्रात तीन तुकडे आहेत : भिंतीतून येणारी उष्णता, काचेतून आरपार वाहून येणारी, आणि काचेतून थेट उन्हानं येणारी. उष्ण-दमट हवामानासाठी त्यांचे गुणक ५.१५, १.३१ आणि ६५.२१. सगळ्या दिशा सारख्या धरल्या, बाहेरच्या भिंतीचा १५ टक्के भाग साध्या पारदर्शक काचेचा धरला, वर सावली नाही. मग फक्त भिंतीचा प्रकार बदलून बघितला.

सिपोरेक्सच्या ब्लॉकची, म्हणजे एएसीची, आठ इंची प्लास्टर केलेली भिंत घेतली. तिचा यू व्हॅल्यू ०.८ च्या आसपास असतो; यू व्हॅल्यू म्हणजे भिंत उष्णता किती सहज आरपार सोडते, जितका कमी तितकं बरं. उत्तर आलं १२.४. पास.

मग सहा इंची काँक्रीटची भिंत. मायवान शटरिंगमध्ये भिंत आणि स्लॅब एकत्रच ओततात ना, ती. तिचा यू व्हॅल्यू साडेतीनच्या वर जातो. मी ३.६ धरला. उत्तर आलं २४.७.

मला वाटलं कोडमध्ये बग आहे. वहीवर हातानं करून बघितलं. बग नव्हता. ५.१५ गुणिले ३.६ केलं की १८.५ होतात. म्हणजे एकही खिडकी नसलेला काँक्रीटचा नुसता डबा बांधला तरी तो १५ च्या मर्यादेत बसत नाही! बाहेरून इन्सुलेशनचा थर लावला किंवा भिंतीची रचना बदलली तरच. आणि आज मुंबई, ठाणे, पुणे इथे नवे टॉवर कशानं उभे राहतायत ते साइटवरून जाताना बघा.

इथे मायवानची बाजूही सांगितली पाहिजे. काम पटापट होतं, विटांचे सांधे नसल्यानं त्यांतून गळतीची भीती कमी, आणि भूकंपाच्या दृष्टीनं ते भक्कम मानलं जातं. एएसीवाल्यांची तक्रारही खरी आहे : भिंतीला जड काही टांगायचं तर साधा खिळा धरत नाही, आणि प्लास्टर नीट केलं नाही तर बारीक भेगा पडतात. त्यामुळे ‘मायवान दिसलं की पळा’ असं मी म्हणत नाहीये. बाहेरच्या भिंतीला काय लावणार आहात, एवढं विचारा. उत्तर ‘टेक्स्चर पेंट’ असेल तर ते उत्तर नाही.

स्क्रिप्टमध्ये आणखी एक खेळ केला. एएसीचीच भिंत ठेवली आणि काच १५ वरून ३० टक्के केली, जाहिरातीत असतात तशा मोठ्या खिडक्या. १२.४ चे झाले जवळजवळ २१. चांगली भिंत असूनही नापास. मग त्याच खिडक्यांवर नीट छज्जा आणि ऊन कमी आत सोडणारी काच धरली, तर परत १२ वर आलं. छज्जा! आपल्या आजोबांच्या पिढीनं प्रत्येक खिडकीवर घातलेला आणि आता ‘एलिव्हेशन बिघडतं’ म्हणून काढलेला. (कुणी हुशारी करून गडद काळी काच लावून नंबर पास करू नये म्हणून, उजेड किमान किती आत आला पाहिजे याचीही अट संहितेत आहे.)

दिशेचंही बघा. महाराष्ट्राच्या अक्षांशाला संहितेत उत्तरेचा गुणक ०.६५९ आहे, पश्चिमेचा १.१५६. तीच खिडकी, तीच काच, पण पश्चिमेला उत्तरेच्या पावणेदोन पट. आणि इथे एक मेख आहे जी ब्रोशरमध्ये कधीच नसते : आरईटीव्ही हा पूर्ण इमारतीचा सरासरी आकडा आहे. टॉवर पास झाला म्हणजे तुमचा फ्लॅट पास झाला असं नाही. उत्तरेच्या फ्लॅटनं पश्चिमेच्या फ्लॅटला वर खेचलेलं असू शकतं. सरासरी म्हटलं की असंच होणार, वर्गात एकाला ९५ आणि एकाला ३५. ताईनं पसंत केलेला फ्लॅट नेमका पश्चिमेचा होता, ‘सनसेट व्ह्यू’चे वेगळे पैसे लावलेला. दाजी म्हणाले, “म्हणजे उकडायचे जास्तीचे पैसे द्यायचे?” आमच्या घरात या विषयावरचं सगळ्यात चांगलं वाक्य तेच.

सगळ्यात वरच्या मजल्यावर घेणार असाल तर छताचा यू व्हॅल्यू १.२ च्या वर नको, ही वेगळी अट. नुसता स्लॅब आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा एवढ्यानं ती पुरी होत नाही, इन्सुलेशन लागतं. कोबा पाणी अडवायला आहे, ऊन अडवायला नाही.

आणि वारा. ही अट मला सगळ्यात आवडली, कारण ती टेप घेऊन स्वतः तपासता येते. उष्ण-दमट भागात कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, एवढं बाहेर उघडणारं क्षेत्र हवं. ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. बाल्कनीचं दार धरा, खिडक्या धरा. पण ‘उघडणारं’ हा शब्द लक्षात ठेवा. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणून तिचं अर्धंच क्षेत्र मोजायचं. आम्ही सॅम्पल फ्लॅटच्या नकाशावर हिशोब केला तर ६८ भरले. कोकणपट्टीत घाम वाळायला वारा लागतो हो, तिथे हा आकडा कमी पडला की मग एसीशिवाय झोप नाही. बिल कोण भरणार? बिल्डर नाही.

आता पैशाचा दुसरा कोपरा. बिल्डर हे सर्टिफिकेट का घेतो? काही जण मनापासून घेतात, मान्य. पण महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई सोडून बहुतेक भागाला जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, म्हणजे यूडीसीपीआर, तिच्यात ग्रीन इमारतीला जादा एफएसआय मिळतो. तीन तारे किंवा सिल्व्हरला मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७. हिशोब करा : ४,००० चौरस मीटर प्लॉट, मूळ एफएसआय १.१, म्हणजे ४,४०० चौरस मीटर. त्याचे ७ टक्के म्हणजे ३०८ चौरस मीटर, साधारण ३,३०० चौरस फूट. चारेक टू बीएचके झाले की! कबूल केलेलं रेटिंग मिळवलं नाही तर दंडाची तरतूदही तिथेच आहे, तेवढ्या जादा एफएसआयच्या रेडी रेकनर जमीनमूल्याच्या दुप्पट.

म्हणजे ज्या प्रोजेक्टनं हा लाभ घेतलाय, त्यानं हिरवेपणाची किंमत एकदा एफएसआयमध्ये वसूल केलेली आहे. मग तो तुमच्याकडून स्क्वेअर फुटामागे परत मागत असेल, तर निदान विचारायचा हक्क तुम्हाला आहे : ग्रीनचा एफएसआय घेतलाय का, किती, आणि कुठल्या दर्जासाठी? मंजूर नकाशावर एफएसआयचा तक्ता असतो. महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट उघडलात की मंजूर कागदपत्रं बघता येतात.

तर ज्यानं प्रश्न पाठवला त्याला माझं मत : लोगोसाठी एक रुपया जास्त देऊ नको. भिंत, सावली, दिशा आणि उघडणाऱ्या खिडक्या या चारांसाठी दे, मग लोगो असो-नसो. मी बिल्डरना पाठवतो तो मेल अगदी छोटा आहे. रेटिंग कुठलं, कुठलं व्हर्जन, प्री की फायनल. बाहेरची भिंत कशाची आणि तिचा यू व्हॅल्यू किती. इमारतीचा आरईटीव्ही काढलाय का. ताईसाठी तीन ठिकाणी पाठवला. एकानं उत्तर दिलं नाही. एकानं ब्रोशर परत पाठवलं. तिसऱ्याकडून त्यांच्या ग्रीन कन्सल्टंटनं फोन केला आणि पंधरा मिनिटं बोलला, आरईटीव्ही १३.८ निघालाय म्हणाला, आणि गणिताची शीट पाठवली. त्या प्रोजेक्टला स्विमिंग पूल नाही. आमचे लोक सध्या तिथे पूर्वेच्या फ्लॅटचा भाव करतायत.

एक शेवटचं, कारण हे लोक विसरतात. ब्रोशर, होर्डिंगचा फोटो, व्हॉट्सअॅपवर सेल्सवाल्यानं पाठवलेली पीडीएफ, सगळं जपून ठेवा, ड्राइव्हवर तारखेसकट टाका. रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून तुम्ही पैसे भरलेत आणि नुकसान झालं, तर प्रवर्तकानं भरपाई द्यायची. ‘प्लॅटिनम’ हा शब्दही जाहिरातच आहे. शक्य असेल तर ‘अंतिम सर्टिफिकेटची प्रत ताब्यानंतर सोसायटीला देऊ’ एवढी ओळ करारनाम्यात घालून घ्या. बिल्डर नाही म्हणाला, तर का नाही म्हणतोय ते त्यालाच विचारा.

स्क्रिप्ट साफ करून एक्सेल शीट बनवतोय, भिंत आणि खिडकीचे आकडे टाकले की आरईटीव्ही निघेल. लिंक भागाच्या वर्णनात टाकीन. पुढच्या भागात सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर, आणि ते लावायचं म्हटलं की एजीएममध्ये होणारी भांडणं. तुमच्या सोसायटीतली भांडणं व्हॉइस मेसेजनं पाठवा. नावं वगळून वाजवू. चला, भेटू.